जे बोर्डवर तेच खरं

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. मोठी झालेली माणसं ठेवतात म्हणे. नियम असे: रोज लिहायचं, खरं लिहायचं, पहाटे उठायचं, आणि धाकट्या बहिणीशी खोटं बोलणं बंद.

आज उशिरा उठलो. बाकीचे नियम उद्यापासून.

मुख्य बातमी वेगळीच आहे. आमची लाँड्री मोठी, हॉटेलांच्या चादरी धुणारी. उद्या कामावर कोण कोण, ते मॅनेजर मॅडम रोज संध्याकाळी हाताने लिहून दारावर चिकटवतात. आज त्या मनगट चोळत बसल्या होत्या. मी चादरींची ट्रॉली ढकलत चाललो होतो, आणि थांबून म्हणून गेलो की मॅडम, हे काम कॉम्प्युटरवर होतं, दाराजवळच्या टीव्हीवर नावं आपोआप दिसतील. त्यांनी विचारलं, तुला येतं? मी म्हटलं, येतं का म्हणजे काय. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. त्याला मी काय करणार.

नीट चाललं तर मालकांशी बोलून ऑफिसात खुर्ची देईन म्हणाल्या.

धाकटीला वर्षभर सांगतोय की मी कॉम्प्युटरच्या कामात आहे. तेव्हा ते खोटं होतं, पण आता खरं होतंय. म्हणजे खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. जरा आधी बोललो एवढंच.

३ फेब्रुवारी

पहाटे उठलो नाही. खोलीत बाथरूम एक आणि रांगेत सातजण, त्यामुळे पहाटे उठून उपयोग नसतो.

मोबाइलवर फुकटचे व्हिडिओ बघून शिकायला सुरुवात. शिकवणारा भरभर बोलतो. नववीत इंग्रजीनेच माझा घात केला होता, पण हे इंग्रजी सोपं आहे, कारण त्यात वाक्यं नसतात, नुसते हुकूम असतात.

प्लॅन पक्का केला. मॅडम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ज्याची सुट्टी मंजूर त्याच्यापुढे टिक करतील. पानावर सगळ्यांच्या नावांच्या ओळी येतील. ज्यांना टिक, त्या ओळींवर 'सुट्टी' असा शिक्का बसेल, व्हिडिओवाला त्याला क्लास म्हणतो. शिक्का कुणाला दिसणार नाही, फक्त कॉम्प्युटरला कळेल. मग माझी स्क्रिप्ट, म्हणजे लिहिलेले हुकूम, शिक्क्याच्या सगळ्या ओळी गोळा करून एकेक काढून टाकेल. उरतील ते उद्या कामावर.

इतकं सोपं आहे की लोक याचे पैसे का घेतात कळत नाही.

५ फेब्रुवारी

खोलीतल्या जोडीदाराने विचारलं, इंजिनिअर, झालं का. हा पूर्वी घरं बांधायचा, म्हणून सगळे त्याला मिस्तरी म्हणतात. इथे तो रोलरच्या मोठ्या इस्त्रीत चादरी सोडतो. माणूस वयाने मोठा, स्वभावाने गरीब. मला इंजिनिअर म्हणतो ते चिडवायला की मनापासून, हे मी विचारलेलं नाही. मनापासूनच असणार.

झालं नाही. ओळी गोळा होतात, किती आहेत तो आकडाही येतो. पण व्हिडिओवाला 'फॉर-ईच' म्हणून प्रत्येकावर एकेक काम करतो, ते माझ्याकडे चालत नाही. लाल अक्षरात येतं की फॉर-ईच नावाचं काही इथे नाही. मॅप करून बघितलं, नाही. फिल्टर, तेही नाही. कॉम्प्युटर जुना असावा.

८ फेब्रुवारी

धाकटीला व्हिडिओ कॉल केला. ती कॉलेजात हेच शिकते. मागे धुलाई यंत्राचा घरघराट चालू होता. तिला मी सांगून ठेवलंय की तो सर्व्हर रूमचा आवाज.

सहज विचारल्यासारखं विचारलं, की आमच्या टीममधल्या एका नव्या पोराचं फॉर-ईच चालत नाहीये. ती म्हणाली, त्या पोराला सांग दादा, की त्याच्या हातात अ‍ॅरे नाहीच. क्लासच्या नावावरून गोळा केलं की मिळतं ते कलेक्शन. दिसायला अ‍ॅरेसारखं, लेंग्थ, म्हणजे किती आहेत तो आकडा, आहे, नंबर टाकून एकेक काढता येतो, पण आत ती फॉर-ईचसारखी हत्यारं नसतात. आणि दुसरं म्हणजे ते जिवंत असतं.

मी विचारलं, जिवंत म्हणजे. ती म्हणाली, अ‍ॅरे म्हणजे पक्की यादी, फोटो काढून ठेवल्यासारखी. पुढे काहीही झालं तरी फोटोतली माणसं हलत नाहीत. कलेक्शन म्हणजे खिडकी. पानावर जे होईल ते खिडकीत लगेच दिसणार. म्हणून आधी 'अ‍ॅरे डॉट फ्रॉम' करून फोटो काढून घ्यायचा आणि मग काय ती पाडापाडी करायची.

पोरीला पुस्तकी ज्ञान फार. अनुभव नाही. लेंग्थ आहे, नंबर आहेत, मग अ‍ॅरे नाही तर काय. ज्याला पाणी येतं तो नळच. मी तिला म्हटलं, बरोबर आहे, त्याला सांगतो.

नव्या पोराबद्दल बोललो ते खोटं धरत नाही. टीममध्ये मी नवाच आहे.

९ फेब्रुवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत

झालं. फॉर-ईचची गरजच नव्हती. साधा मोजायचा लूप लावला. शून्यापासून सुरू, लेंग्थपर्यंत, जो नंबर येईल ती ओळ काढ, पुढच्या नंबरावर जा. फोटोबिटो काही लागला नाही. एक नाव सुट्टीवर टाकून बघितलं, गेलं. दुसरं नाव टाकून बघितलं, तेही गेलं. दरवेळी एकेकच टाकलं, कारण मॅडम दिवसाला एकालाच सुट्टी देतात.

धाकटीला हे सांगायला हवं. पण तिचं मन मोडेल.

१२ फेब्रुवारी

बोर्ड चालू झाला. शिफ्ट सुटल्यावर सगळे टीव्हीखाली जमले. सुट्टीवाल्याचं नाव आपोआप नाहीसं झालं तेव्हा पाणी तापवणारा भट्टीवाला म्हणाला, अरे वा, माणूस गेला तरी आवाज नाही. मॅडमनी सगळ्यांना सांगून टाकलं की आजपासून जे बोर्डवर तेच खरं, मला येऊन विचारायचं नाही, मला दुसरी कामं आहेत.

माझ्या कामाबद्दल इतकं मोठं वाक्य आजवर कुणी बोललेलं नाही. शाळेच्या दाखल्यावरही नाही.

१५ फेब्रुवारी

मॅडम बाहेर गेल्या होत्या, तेव्हा ऑफिसातल्या रिकाम्या खुर्चीवर बसून बघितलं. एक चाक नाहीये. उजवीकडे झुकून बसलं की कळत नाही. संध्याकाळी खोलीत स्टुलावर तसं बसायची सवय केली. मिस्तरीने विचारलं, कंबर धरली का.

१९ फेब्रुवारी

मिस्तरीची बायको आणि मुलगी येणार आहेत, पहिल्यांदाच. सत्तावीस तारखेला सकाळी बस येते. पंधरवडाभर राहतील, पलीकडच्या गल्लीत एक खोली बघून ठेवलीये त्याने. गावाहून निघाला तेव्हा मुलगी कुशीतली होती, आता बोलते, धावते, आईला उलट उत्तरं देते. त्याने तिला फोनवरच काय ते बघितलंय.

सत्तावीसची सुट्टी त्याने आजच टाकली. मॅडमच्या टेबलासमोर उभं राहायचं म्हणजे त्याला घाम फुटतो. चिठ्ठी ठेवली आणि उत्तर न ऐकताच बाहेर आला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, बोर्डवर कळेल.

२२ फेब्रुवारी

मिस्तरीने त्या दिवसासाठी नवा शर्ट घेतला आणि कडक इस्त्री हवी म्हणून चादरींबरोबर रोलरमधून काढला. शर्ट झकास निघाला. बटणांचा भुगा झाला. खोलीतले सगळे हसले, मी जास्त हसलो. मग रात्रभर डोक्यात येत राहिलं की इतकं हसायला नको होतं.

आज त्याने नवी बटणं लावली. सगळी एका रंगाची मिळाली नाहीत. शर्ट खुंटीला टांगून ठेवलाय, खाली कुणी ओला टॉवेल वाळत घालू नये म्हणून स्वतः तिथे झोपतो.

मुलीशी पहिलं वाक्य काय बोलायचं याचा सराव चालू आहे. मी बापावरच्या एक-दोन छान ओळी सुचवल्या. म्हणाला, नको, भूक लागली का एवढंच विचारतो.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

एका हॉटेलचं रंगकाम निघालंय, त्यामुळे उद्या चादरी कमी. मॅडमनी कधी नव्हे ते तिघांना सुट्टी दिली असं कानावर आलं. कुणाकुणाला, ते बोर्डवर कळेल म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बोर्ड लागला. भट्टीवाल्याचं नाव गेलं. यादीत खालच्या, फाटक्या चादरी शिवणाऱ्या शिलाईवाल्याचं गेलं. मधे मिस्तरीचं तसंच राहिलं.

तो बराच वेळ टीव्हीखाली मान वर करून उभा. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, इंजिनिअर, माझं नाव अजून दिसतंय रे. चुकून तर नाही राहिलं? मॅडमना फोन करून विचारू का?

तेवढ्यात शिलाईवाला बाजूने जाता जाता म्हणाला, काय इंजिनिअर, पहिल्याच गर्दीत मशीन गांगरलं वाटतं. चारचौघांत म्हणाला.

मी मिस्तरीला म्हटलं, बोर्ड चुकत नाही. नाव आहे म्हणजे सुट्टी नामंजूर. तिसरा दुसराच कुणी असेल. आणि मॅडमनी विचारायचं नाही म्हणून सांगितलंय, उगाच नोकरीवर बेतेल.

तो म्हणाला, तू म्हणतोस तर तसंच असेल.

बायकोला फोन लावत बसला. ती बसमध्ये, फोन बंद. मेसेज टाकला, तोही पोचला नाही.

यात मी चुकीचं काही बोललो असं मला वाटत नाही. उद्या सकाळी वाटलं तर बघू.

२७ फेब्रुवारी, सकाळी

आज पहिल्यांदा पहाटे जाग आली. मिस्तरी आधीच उठून बसला होता, शर्टाकडे बघत. मग कामाचे कपडे चढवून निघाला. शर्ट खुंटीवरच.

पहाटे उठायचा नियम आज पाळला गेला. नोंद करून ठेवतो.

२७ फेब्रुवारी, नंतर

लिहायचं नव्हतं. खरं लिहायचं असा नियम आहे म्हणून.

दुपारी मॅडम फ्लोअरवर आल्या. रोलरपाशी मिस्तरीला बघून थबकल्या. तुला तर मी सुट्टी दिलीये, तू इथे काय करतोयस, बायकोमुलगी यायची होती ना. मिस्तरी चादर हातात धरून तसाच उभा राहिला. चादरीचं दुसरं टोक रोलरमध्ये जात राहिलं.

म्हणाला, बोर्डवर नाव होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काल नेट गेलं होतं.

नेट गेलं नव्हतं.

मॅडम मला म्हणाल्या, तूही जा त्याच्याबरोबर, सामान असेल. बसस्टँडपर्यंत मिस्तरी पळत गेला, मी मागून. साबणाचे डाग पडलेले कामाचे कपडे, पायात रबरी बूट. वहिनी तिकीट खिडकीच्या बाजूला पेटीवर बसल्या होत्या. सकाळपासून तिथेच. त्याने फोनवर बजावलं होतं की उतरलीस तिथून हलू नकोस, म्हणून त्या पाणी प्यायलाही हलल्या नव्हत्या. आम्हाला बघून पदराने तोंड पुसलं.

मिस्तरी खाली बसून मुलीला म्हणाला, भूक लागली का.

ती आईच्या मागे गेली. त्याच्या बुटांकडे बघत राहिली. मग आईचा पदर खेचून तिने विचारलं, आई, बाबा कधी येणार.

मी पेटी उचलली. तेवढंच काम माझ्यासाठी होतं. पेटी हलकी होती, तरी दोन्ही हातांनी धरली.

खोलीपाशी पोचल्यावर वहिनींनी मला विचारलं, तुम्हीच का ते इंजिनिअर, हे फोनवर फार सांगतात तुमच्याबद्दल. मी म्हटलं, मला जरा काम आहे.

२८ फेब्रुवारी

ब्राउझर खराब आहे. अपडेट केलेला नाही. टीव्हीही जुना.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ब्राउझर अपडेट केला. तिघांना सुट्टी टाकून बघितलं. मधला राहतो. दोघांना टाकलं, दुसरा राहतो. चौघांत दुसरा आणि चौथा राहतात. एकटा असला तरच सगळं ठीक. दर दुसरा माणूस सुटतो. यंत्राचा मिस्तरीवर काही राग नव्हता.

धाकटीला फोन केला. सगळी स्क्रिप्ट पाठवली. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, दादा, बाथरूमच्या रांगेत सातजण असतात म्हणालास ना. पहिला आत गेला की दुसरा काय होतो? पहिला होतो. सगळी रांग एक पाऊल पुढे सरकते. आणि तू बाहेर उभा राहून ओरडतोयस, आता दोन नंबर. तर येतो मुळातला तिसरा. जो सरकून पहिल्या जागी आला त्याला कुणी हाकच मारत नाही. कलेक्शन जिवंत असतं म्हणजे हे. ओळ काढलीस की ती कलेक्शनमधूनही जाते, मागच्या सगळ्या पुढे सरकतात, आणि तुझा आकडा मात्र पुढे गेलेला असतो. अ‍ॅरेत ओळींचा फोटो असता तर पानावरून काहीही काढलं तरी फोटोतला दुसरा दुसराच राहिला असता. नाहीतर मग शेवटून मोजत यायचं. शेवटचा काढला की त्याच्या पुढचे कुणी हलत नाहीत.

मग ती म्हणाली, मी त्या दिवशी सांगितलं होतं, त्या पोराने ऐकलं नाही वाटतं.

मी म्हटलं, ते पोर मीच.

ती म्हणाली, माहितीये. आणि पुढे म्हणाली, दादा, तुझ्या सर्व्हर रूममधून माणसं चादरी घेऊन जातात. पहिल्या कॉललाच दिसलं होतं. आईला मी सांगितलं नाही, तिला वाटतं कॉम्प्युटरवर चादरी झाकतात.

वर्षभर मी तिला सांभाळून घेतोय असं समजत होतो.

१ मार्च

स्क्रिप्ट दुरुस्त केली. एकच ओळ वाढली, अ‍ॅरे डॉट फ्रॉम. तिघं टाकले, तिघं गेले. सगळ्यांना सुट्टी टाकली, बोर्ड कोरा. आता खरोखर चुकत नाही.

मॅडमकडे गेलो. ठरवलं होतं की फक्त दुरुस्तीचं सांगायचं आणि खुर्चीचा विषय काढायचा. सांगता सांगता नेट गेलं नव्हतं हेही बाहेर पडलं. त्या म्हणाल्या, यंत्राचं सोड. नाव दिसल्यावर तो कुणाला काही विचारायला आला नव्हता का?

मी म्हटलं, आला होता. मला विचारलं होतं.

मग तू काय सांगितलंस?

जे सांगितलं होतं ते सांगितलं. ऑफिसात पंखा चालू होता. त्या म्हणाल्या, तो काल माझ्यासमोर म्हणाला की मीच विचारायला हवं होतं, चूक माझी. तुझं नावही घेतलं नाही.

मी म्हटलं, आता बोर्ड अगदी बरोबर चालतो, बघा तरी. त्या म्हणाल्या, चालत असेल, पण आता त्याच्याकडे बघतंय कोण. सकाळपासून एकेक जण येऊन विचारून जातोय, मॅडम उद्या नक्की यायचं का.

जाताना त्यांनी टीव्हीची पिन काढली.

३ मार्च

दाराशी पांढरा बोर्ड आणि मार्कर आला. अक्षर बरं आहे म्हणून रोज लिहायचं आणि पुसायचं काम मला. ट्रॉलीचं काम सांभाळून. आधी सगळी नावं लिहायची, मग मॅडम सांगतील ती पुसायची, म्हणजे सगळ्यांना समोर दिसतं. ही पद्धत मीच सुचवली.

खुर्ची भंगारवाल्याने नेली.

मिस्तरी माझ्याशी बोलतो, पूर्वीसारखाच. मीठ दे म्हणतो, ट्रॉली सरकव म्हणतो. इंजिनिअर म्हणत नाही. नावाने हाक मारतो. माझं नाव त्याला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मुलगी आता त्याच्या खांद्यावर बसते असं भट्टीवाला सांगत होता. तिकडे जाऊन यायला हवं. वहिनींनी दोनदा बोलावलंय. उद्या जातो.

६ मार्च

गेलो नाही. चादरी खूप होत्या.

९ मार्च

चादरी खूप नव्हत्या. दारापर्यंत जाऊन परत आलो. आतून मुलीचा आवाज येत होता, बापाला दरडावत होती की बूट बाहेर काढ.

१२ मार्च

वहिनी आणि मुलगी उद्या परत जाणार. बस सकाळचीच. उद्या पुन्हा तिघांना सुट्टी, मिस्तरी त्यात मधला.

शिफ्ट सुटल्यावर बोर्डसमोर सगळे. मी फडकं घेऊन उभा. मिस्तरी माझ्या बाजूला येऊन थांबला.

मी खालून सुरुवात केली. आधी सगळ्यात खालचं नाव पुसलं, मग मधलं, मग वरचं. मॅडम ऑफिसच्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, अरे, यावर वरून पुसलं तरी चालतं.

म्हटलं, असू द्या.

सगळे पांगले. मिस्तरी तिथेच. पुढे होऊन त्याने स्वतःच्या नावाच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं. बोटाला काही लागलं नव्हतं. मग तो ऑफिसच्या दारापाशी गेला आणि घाम पुसत मॅडमना विचारून आला.